बरसीचा खलिया

माझ्या आईच्या बरसीच्या जेवणासाठी रोख पैसे मोजून आणि रीतसर पावती घेऊन विकत आणलेले बारा किलो मांस एका पोलीस चौकीच्या ओसरीवर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पडून राहिले आणि अखेर खड्ड्यात पुरले गेले. या घटनेला आता पुष्कळ काळ लोटला, घरच्यांनी तिचा उल्लेख करणेही सोडून दिले, तथापि माझ्या मनातील सल काही केल्या निघत नाही.

नान-खलिया हा काय पदार्थ आहे, हे मराठवाड्यातील वाचकांस सांगावयास नको. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की, 1327 च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस हलविली, तेव्हा त्याच्या फौजेच्या मुदपाकखान्याबरोबर हा पदार्थ दक्षिणेत उतरला, अशी आमच्याकडील पिढीजात समजूत आहे. आणि आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, निकाह असो वा चाळिसावा, दस्तरखानावर भट्टीतून आलेले पिवळसर, मऊ नान आणि लाल तर्रीचा खलिया असावाच लागतो. खलिया बकऱ्याच्या मांसाचाही होतो. परंतु साध्या घरांतील पंगती पूर्वापार मोठ्या जनावराच्या मांसावरच निभावत आल्या. माझ्या आईने आयुष्यभर तोच रांधला. ज्यांना तो चालत नसे त्यांच्यासाठी ती गल्लीतील एका ब्राह्मण बाईंना बोलावून ओसरीवर वेगळी चूल मांडवीत असे, आणि त्या चुलीकडे घरातले कोणीही ओल्या हाताने जाऊ नये अशी तिची सक्त ताकीद असे. तिच्या पहिल्या बरसीला दोन्ही चुली तशाच पेटाव्यात, एवढीच माझी इच्छा होती.

रविवारी पहाटे माझा भाचा सिल्लेखान्यातील कसाबाच्या दुकानातून मांस घेऊन रिक्षाने निघाला. नळीची हाडे, मागच्या पायाचे दाणेदार मांस आणि थोडी चरबी, असे आमच्या नेहमीच्या कसाबाने निवडून दिले होते, आणि मांस म्हशीचे असल्याची नोंद पावतीवर स्वतःच्या हाताने केली होती. वाटेत दोन मोटारसायकलींवरून आलेल्या चार-पाच तरुणांनी रिक्षा अडवली, पिशव्या उघडून पाहिल्या आणि कोणास तरी दूरध्वनी केला. मला निरोप मिळाला तेव्हा भाचा चौकीत पोहोचला होता. मी गेलो तेव्हा तो भिंतीशी उभा होता, पिशव्या फरशीवर होत्या, आणि ते तरुण मात्र बाकावर बसले होते. या बसण्या-उभे राहण्याच्या व्यवस्थेत कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. पण माझी दृष्टी प्रथम तिच्यावरच गेली आणि आजही प्रथम तेच आठवते.

मी पावती पुढे केली. अंमलदार वयाने माझ्या मुलापेक्षाही लहान होते आणि त्यांनी मला एकही अपशब्द वापरला नाही, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. "काका, पावती खरी असेल. पण पावती याच मांसाची आहे हे कशावरून?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, कसाबाला बोलवा. ते म्हणाले, तो त्याच्या मालाविषयी खरे कसे सांगेल? मी म्हटले, माझा जबाब घ्या. पस्तीस वर्षे सरकारमान्य शाळेत मराठी शिकविले आहे, माझ्या नावावर एक साधी तक्रारही नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांनी पंचनाम्याचा कागद पुढे ओढला. पंच कोण, तर बाकावरच्या त्या तरुणांपैकीच दोघे. ज्याने अडवले त्यानेच साक्षीला उभे राहावे, ही न्यायाची रीत नव्हे, असे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले, तेव्हा एकाचे नाव खोडून चहावाल्याचे घालण्यात आले. दुपारी पशुवैद्यक आले. नुसत्या डोळ्यांनी मांस कशाचे ते निश्चित सांगता येणार नाही, नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागेल, असे सांगून त्यांनी एक तुकडा कापून मोहोरबंद केला. मग उरलेले आम्हांस द्या, असे भाच्याने हात जोडून म्हटले. तर उरलेला मुद्देमाल सोडण्याचा आपणांस अधिकार नाही, असे उत्तर मिळाले. बर्फ आणून घालण्याची परवानगी मी मागितली. मुद्देमालात काही मिसळता येत नाही, असे सांगण्यात आले. ऊन ओसरीच्या कडेवरून आत आत सरकत होते, पिशव्यांखालून पाणी सुटू लागले होते, माश्या जमल्या होत्या, आणि आपल्या आईच्या नावाने आणलेले अन्न आपल्या डोळ्यांदेखत नासत असता त्याला सावलीत सरकविण्यासाठीही दुसऱ्याची अनुज्ञा मागावी लागावी, यापरते दैन्य मी आयुष्यात अनुभवलेले नाही. संध्याकाळी दुर्गंधी सुटल्याचे कारण लिहून ते पुरण्यासाठी नेले. प्रयोगशाळेचा अहवाल कित्येक महिन्यांनी आला. मांस म्हशीचेच होते. नुकसानभरपाईसाठी मी केलेल्या अर्जाचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.

मी कायदा मानणारा मनुष्य आहे. 1976 चा पशुसंरक्षणाचा अधिनियम आणि त्याची मार्च 2015 मध्ये अमलात आलेली दुरुस्ती मी बारकाईने वाचली आहे. गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीस त्यात बंदी आहे, म्हशीच्या कत्तलीस दाखला घेऊन मोकळीक आहे. शेजाऱ्याची श्रद्धा जीत गुंतलेली आहे ती वस्तू आपण ताटात घेऊ नये, असे माझ्या आईचेही मत होते. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी ही बंदी कायम ठेवली. परंतु आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावे, असा भार टाकणारे कलम मात्र घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्या दिवशी चौकीत जो भार माझ्या भाच्याच्या शिरावर होता तो न्यायालयाने केव्हाच उतरविला होता, आणि तरीही तो तिथेच होता. माझ्या वाचकांपैकी ज्यांना असे मांस न्यावयाचे असेल त्यांनी पावतीवर तारीख, वजन, जनावर आणि दुकानाचा शिक्का या चारही गोष्टी घालून घ्याव्यात आणि तिची नक्कल घरी ठेवावी, असा माझा सल्ला आहे. असा सल्ला द्यावा लागतो याची मला लाज वाटते. पण मी तो देतो.

त्या रात्री बरसी रद्द करावी, असेच मी ठरविले होते. पण इशाच्या नमाजानंतर कसाबाचा मुलगा तितकेच मांस घेऊन दाराशी आला. पैशांची गोष्ट काढताच तो म्हणाला, "अब्बांनी सांगितले आहे, हिशेब नंतर." आईच्या हाताखाली शिकलेली माझी धाकटी बहीण एक शब्द न बोलता उठली आणि तिने कल्हई केलेली देग परसात चुलीवर चढविली.

खलिया घाईने होत नाही. उभा चिरलेला कांदा तांबूस होईतो तळून, निथळून, हाताने चुरून ठेवावयाचा. मग त्याच तेलात आले-लसणाच्या वाटणाबरोबर मांस इतके परतावयाचे की त्याचे पाणी पुरते आटून तेल वेगळे दिसू लागेल. त्यानंतर घोटलेले दही, मिरची, धणे, आणि भाजून वाटलेले तीळ, खसखस, शेंगदाणे व सुके खोबरे. दगडफूल, दालचिनी, मसाला वेलची फडक्यात बांधून सोडावयाची. पाणी घालावयाचे ते उकळतेच. एकदा उकळी आली की लाकडे ओढून घ्यावयाची, खाली निखारे राहू द्यावयाचे आणि थोडे झाकणावर ठेवावयाचे. रस्सा रटरटता कामा नये, कडेला एखादाच बुडबुडा यावा. पायाच्या मांसात जे चिवट, पांढरे पापुद्रे असतात ते मोठ्या आचेवर आकसतात आणि मांस दोरासारखे होते. मंद आचेवर तेच तासन्‌तास विरघळत जाऊन रश्श्याला असा दाटपणा आणतात की बोटाला बोट चिकटते. प्रेशर कुकरमध्ये मांस शिजते, हे मी नाकारीत नाही. पण तेथे ते मोडते, आणि मसाला त्याच्या आत न शिरता बाहेर राहतो. ज्यांच्याजवळ एक रात्र नाही त्यांनी खलिया करू नये.

पहाटेस बहिणीने झाकण काढले. वर बोटभर लाल तर्री उभी होती. तिने ती प्रथम पळीने काढून वेगळ्या पातेल्यात ठेवली, वाढताना प्रत्येकाच्या वाडग्यावर घालण्यासाठी. मग एक तुकडा बशीत घेऊन चिमटीत दाबला. तो दबला, पण विस्कटला नाही, आणि हाड आपोआप फिरून सुटे झाले. "अम्मीचा असाच व्हायचा," ती म्हणाली. भाच्याने मात्र चव घेतली नाही. पुढल्या वर्षापासून बकऱ्याचा करू, कोणाचे काही ऐकावे लागणार नाही, असे तो म्हणाला, आणि चौकीत उभा असता मीही मनाशी हेच म्हटले होते. परंतु त्याच्या तोंडून ते शब्द ऐकताच मला संताप आला आणि बकऱ्याचा खलिया हा खलियाच नव्हे, असे मी त्याला फटकारून बोललो. हे खरे नाही. तो उत्तम होतो.

दुपारी पंगत बसली. ओसरीवर ब्राह्मण बाईंच्या सुनेने वरण-भात, पोळी आणि वांग्याची भाजी केली होती. तेथे माझे शाळेतले जुने सहकारी, गणिताचे सर, जेवत होते. माझ्या आईच्या हयातीत एकही ईद त्यांनी चुकविली नव्हती. भाच्याच्या तोंडून त्यांना सारे कळले आणि त्यांचा हात ताटात थांबला.

"सर, सकाळीच मला का कळवले नाही? मी दहा मिनिटांत आलो असतो."

मी त्यांना कळविले नव्हते, आणि ते विसरून नव्हे. ते आले असते, त्यांनी आपले आडनाव सांगितले असते, आणि कदाचित पिशव्या सुटल्याही असत्या. जी पावती माझ्या हातात असता कागदाचा तुकडा ठरली ती त्यांच्या शब्दाने दस्तऐवज ठरली असती, हे मला सहन झाले नसते. असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ते दुखावले. मैत्रीत असा विचार करावयाचा नसतो, असे म्हणाले. कधी वाटते त्यांचे बरोबर होते, आईच्या अन्नापेक्षा माझा मान मोठा नव्हता. आणि कधी वाटते की ज्या देशात मी जन्मलो, शिकलो आणि शिकविले त्या देशात माझ्या सत्याला जामीन लागू नये, एवढे तरी मी मागावे.

यंदाच्या बरसीला मांस आणावयास आपण बरोबर येणार, असे त्यांनी परवा पुन्हा बजावले आहे. जन्मभर ज्यांनी मांसाच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडला, त्यांनी सिल्लेखान्यात उभे राहू नये, असे मी परोपरीने सांगून पाहिले. ते ऐकावयास तयार नाहीत. रिक्षावाल्याला पहाटे साडेपाचची वेळही त्यांनी देऊन टाकली आहे.