पहाटेचे प्रेक्षक

क्रिकेटचा सामना असला, की घरातला टीव्ही सगळ्यांचा असतो. म्हणजे खरे तर पुरुषमंडळींचा. पण ऑलिंपिक दूरदेशी भरले, की रात्री दोननंतर त्यावर कोणाचाच हक्क नसतो. २०१६ साली रिओचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे होते. तिथल्या संध्याकाळच्या स्पर्धा इथे पहाटे दिसत.

बडोद्यातल्या एका मराठी घरात त्या पाहायला सासू-सुना बसत. सासूबाईंना गुडघेदुखीने झोप नसे आणि सुनेच्या मांडीवर चार महिन्यांचे बाळ. ते दचकू नये म्हणून आवाज बंद. अनोळखी खेळ खरे तर असाच पाहावा. समालोचकाच्या आरडाओरड्याविना तो लवकर कळतो.

७ ऑगस्टच्या पहाटे मणिपूरची मीराबाई चानू वजन उचलायला आली. स्नॅचमध्ये, म्हणजे वजन एका दमात डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, तिने ८२ किलो पेलले. मग क्लीन अँड जर्क. आधी खांद्यापर्यंत, तिथून वर. तीन संधी मिळतात. तिन्ही फुकट गेल्या. तिचे नाव क्रमवारीतही लागले नाही.

“म्हणजे मघाचे ८२ किलोसुद्धा वाया?”

“हो आई, दोन्हींची बेरीज धरतात. एक बाजू रिकामी राहिली, की संपले.”

“हे कसले मेले गणित!”

सकाळी चहाच्या वेळी घरात कोणाला याचा पत्ताही नव्हता.

१८ तारखेला, राखीपौर्णिमेच्या पहाटे, साक्षी मलिकची कुस्ती लागली. ती उपांत्यपूर्व फेरीत हरली होती. पण तिला हरवणारी अंतिम फेरीत गेल्याने कांस्यपदकाचे दार पुन्हा उघडले. हा नियम सासूबाईंना फार पटला. शेवटच्या लढतीत साक्षी ०-५ अशी मागे होती, ती ८-५ ने जिंकली. दोघींनी तोंडावर पदर धरून आनंद साजरा केला.

टोकियोत २४ जुलै २०२१ रोजी मीराबाई पुन्हा उतरली, तेव्हा इथे शनिवारची सकाळ होती. घर भरलेले, आवाज मोठा. तिने स्नॅचमध्ये ८७ आणि नंतर ११५ किलो उचलले. शेवटच्या खेपेस ११७ किलो काही पेलले नाहीत आणि मुलाने कपाळावर हात मारला, “गेले!”

“काही गेले नाही,” सासूबाई म्हणाल्या. “११५ धरलेत. बेरीज २०२. रुपे आहे ते.”