उताराला इंजिन बंद

मामाचे दंड बघून लोकांना वाटायचं, हा तालमीत जातो. तो तालमीच्या दारातही कधी गेला नाही. वेल्हे ते नसरापूर वडापाची जीप त्याने वीस वर्षं चालवली, तीही पॉवर स्टिअरिंग नसलेली. वळणावर सीटवरून अर्धा उठून, अख्खं अंग टाकून तो चाक ओढायचा.

मग नवी गाडी आली (म्हणजे सेकंडहँडच). पहिल्याच दिवशी एका बोटाने स्टिअरिंग फिरवून म्हणाला, "लोणी हाय गं, लोणी!"

हे लोणी कुठून येतं ते बॉनेट उघडल्यावर कळलं. इंजिनच्या पुलीवर पट्टा आणि त्या पट्ट्यावर फिरणारा छोटा पंप. तो सतत तेल ढकलत असतो. आपण स्टिअरिंग वळवलं की आतली एक बारीक दांडी किंचित पिळली जाते, त्या पिळाने व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल पिस्टनच्या एका बाजूला घुसतं. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून धरलं, तर हा दाब टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट जातो. तेव्हा ऐकू येतं ते पंपाचं कण्हणं. फार वेळ धरून ठेवू नये.

सिट्रोएन डीएस या फ्रेंच गाडीने तर 1955 साली एकाच पंपावर स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शन, सगळंच चालवलं. इंजिन सुरू झालं की ती बसलेल्या उंटासारखी उठायची. मामाच्या गाडीखाली मात्र पाटेच. त्यांना पंप लागत नाही, आपली कंबर पुरते.

खरी भीती वरंधा घाटाची. भोरहून नीरा देवघरचं पाणी सोबतीला घेत वर जायचं, वाघजाईपाशी चहा-भजी, आणि मग महाडकडे उतार. तिथे मामाची जुनी सवय: इंजिन बंद. "उताराला डिझेल कशाला जाळायचं?" असं करणारा तो एकटा नाही.

जुन्या जीपचं स्टिअरिंग इंजिन चालू असो की बंद, सारखंच जड. नव्या गाडीत इंजिन थांबलं की पट्टा थांबतो, पंप थांबतो. आणि ही गाडी पंपाच्या भरवशावरच बनवलेली. कमी फेऱ्यांत चाकं वळावीत अशी तिची रचना, त्यामुळे पंप गेल्यावर ती जुन्या जीपपेक्षाही जड होते. वेगात हे तितकं जाणवत नाही. जाणवतं ते हळू घ्यायच्या अवघड वळणावर, जिथे एका बाजूला दरी असते.

तोंडी सांगून मामाला पटेना. शेवटी अंगणात गाडी उभी करून, किल्ली चालूच ठेवून फक्त इंजिन बंद केलं. त्याने एक बोट लावलं. मग एक हात. मग दोन्ही हात. मग सवयीने सीटवरून अर्धा उठला.

"आन् ब्रेक?" त्याने विचारलं.

"दाबून बघ."

दोन-तीनदा पेडल खाली गेलं. त्यानंतर दगडासारखं घट्ट झालं.