सबवूफर आणि बांची खोली



खाखरे, पापड आणि पर्युषणाची तयारी सोडून मी आज सबवूफरवर लिहितेय म्हटल्यावर काही जणी हसतील. हसा. पण आपल्या ओळखीतल्या दोन-तीन घरांत आता ‘थिएटरची खोली’ झाली आहे. खोलीची हौस मुलांची, पैसे वडिलांचे, आणि आवाज मात्र दिवसभर घरात असणाऱ्या आपण ऐकायचा. मग तो डबा कोणता घ्यायचा आणि कुठे ठेवायचा, हे ठरवताना आपण तिथे असायलाच हवं. आमच्या घरी काय केलं ते सांगते.

आधी सबवूफर म्हणजे काय ते. माणसाच्या कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. छोट्या स्पीकरला बोलणं, बासरी, पाखरं हे सगळं जमतं, पण ढगांचा गडगडाट, ढोल, डग्ग्याची घुमारी त्याला पेलत नाही. साधारण 80 ते 120 हर्ट्झच्या खालचं हे काम करणारा वेगळा डबा म्हणजे सबवूफर. ‘5.1’ असं लिहिलेलं असतं ना, त्यातले पाच म्हणजे नेहमीचे स्पीकर आणि तो पॉइंट वन म्हणजे हा डबा. ‘सैराट’ची गाणी टीव्हीच्या स्पीकरवर ऐका आणि मग सबवूफर लावून ऐका. अजय-अतुल यांनी त्या वाद्यवृंदात खाली किती काही भरलं आहे, ते तेव्हा कळतं. त्यात आनंद आहे, हे मी नाकारत नाही.

आता आमची अडचण. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना बा म्हणतो, पंच्याऐंशीच्या पुढच्या आहेत. काचबिंदूमुळे त्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो. त्यांचं सगळं घर कानांवर चालतं. जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते ओळखतात, कुकरच्या शिट्टीवरून स्वयंपाक कुठवर आला ते सांगतात. संध्याकाळी प्रतिक्रमण, त्याशिवाय दिवसातून दोन सामायिकं. आणि त्यांची खोली थिएटरच्या खोलीला लागून, मधे एकच भिंत.

मुलाने पनवेलच्या एका दुकानातून बारा इंची सबवूफर दोन दिवस वापरून बघायला आणला. टीव्हीखालच्या कोपऱ्यात ठेवला, म्हणजे नेमका बांच्या भिंतीला. सिनेमात स्फोट झाला आणि बांच्या खाटेशेजारच्या तांब्यावरचं फुलपात्र थरथरलं. बा सामायिकात होत्या. 48 मिनिटं पूर्ण होईपर्यंत उठल्या नाहीत. पारल्यावर त्यांनी एकच विचारलं, “धाटावला काही झालं का गं?” जमिनीतून काही घुमलं की आमच्याकडे आधी धाटाव एमआयडीसीच आठवते. तेवढा वेळ त्या मनात ती भीती धरून बसल्या होत्या. मुलगा गप्प झाला. रात्री त्यानेच तो डबा परत खोक्यात भरला.

सबवूफर नकोच, असं मी म्हणू शकले असते. पण नातवंडं बाहेर जाण्यापेक्षा घरात सगळ्यांबरोबर बसतात, आणि ह्यांनाही संध्याकाळी तेवढाच विरंगुळा. शिवाय आपल्या बारा व्रतांत भोगोपभोगाचं परिमाण सांगितलं आहे, म्हणजे मर्यादा आखायची. आणि अनर्थदंड विरमण आहे, म्हणजे काही गरज नसताना दुसऱ्या जीवाला त्रास होईल असं वागायचं नाही. मला सबवूफरचा प्रश्न या दोन व्रतांच्या मधला वाटला. आपण ऐकावं, पण भिंतीपलीकडच्याला विनाकारण हादरा बसू नये.

मोठा डबा की लहान?

दुकानदार नेहमी वॅटवर बोलतो. “ताई, शंभरच्या जागी दोनशे वॅट घ्या, आवाज दुप्पट.” हे खरं नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. बी.कॉम.ला घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकले होते, त्याचं इतकं चोख उदाहरण मला पुस्तकातही भेटलं नव्हतं. पैसे वाढत जातात, समाधान मुंगीच्या पावलाने. 15 बाय 11 फुटांच्या आमच्या खोलीला आठ किंवा दहा इंची पुरतो. आम्ही दहा इंची घेतला.

दुसरा प्रश्न भोकाचा. काही डब्यांना पुढे किंवा मागे एक गोल नळी असते. तिच्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये खालचा आवाज जास्त मिळतो. काही डबे पूर्ण बंद असतात. त्यांचा आवाज थोडा कमी, पण आटोपशीर. मी बंद डब्याचा आग्रह धरला आणि कारण आपल्याच घरातलं होतं. कोकणातला पावसाळा तुम्हाला सांगायला नको. अंधारी, कोरडी, उबदार नळी दिसली की तिथे कुंभारीण माशी घर करणार, पाल अंडी घालणार, मुंग्यांची रांग लागणार. नंतर डबा सुरू केला की त्या नळीतून हवा जोरात आत-बाहेर होते. आत कोण आहे हे आपल्याला दिसतसुद्धा नाही. ज्यांच्याकडे नळीचा डबा आधीच आहे त्यांनी बारीक, हवा जाईल अशी जाळी लावावी, आणि चातुर्मासात सुरू करण्याआधी आत टॉर्च मारून बघावं. जयणा म्हणजे हेच. डब्यामागची धूळ मी फडक्याने झटकत नाही, पूंजणीने हळूच काढते.

इतर स्पीकर घेताना एक गोष्ट जरूर विचारा. बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरचा घुमट पुष्कळदा रेशमाचा असतो. दुकानदार ‘सिल्क डोम’ असं कौतुकाने सांगतो. जी रेशमी साडी नेसत नाही, तिने हेही विचारून घ्यावं. कृत्रिम कापडाचे आणि धातूचे घुमट सहज मिळतात. आरामखुर्च्यांचंही तसंच. चामड्याऐवजी जाड सुती कापड घ्या, आपल्या हवेला तेच बरं.

कुठे ठेवायचा?

हा भाग मला सगळ्यात आवडला. बारीक आवाज सरळ येतो, म्हणून तो कुठून येतो ते कानाला कळतं. खालच्या आवाजाची लाट मात्र फार लांब असते. 40 हर्ट्झची एक लाट सुमारे 28 फूट, आणि आमची खोलीच 15 फूट! ती लाट भिंतींवर आपटून स्वतःवरच येते. काही जागी दोन लाटा मिळून आवाज फुगतो, काही जागी एकमेकींना खाऊन टाकतात. 15 फूट लांबीच्या खोलीत सुमारे 37 हर्ट्झचा सूर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी फुगतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून सोफा खोलीच्या मध्यावर नको आणि मागच्या भिंतीला चिकटूनही नको. आमचा मागच्या भिंतीपासून साडेपाच फुटांवर आहे.

डब्याची जागा शोधायची युक्ती गमतीची आहे. डबा सोफ्यावर, जिथे आपण बसतो तिथे ठेवायचा. ढोल-तबल्याचं एकच गाणं पुन्हा पुन्हा लावायचं. मग आपण भिंतीकडेने रांगत जायचं, कान डब्याच्या उंचीवर ठेवून. जिथे घुमारी ना फुगलेली ना पोकळ, तर एकसारखी वाटते, ती डब्याची जागा. माझे गुडघे रांगायच्या पलीकडचे आहेत. म्हणून सूनबाई आणि नातू रांगले, मी पाटावर बसून खडूच्या खुणा केल्या. हे चालतं कसं? ध्वनीचा हिशेब दुहेरी नोंदीसारखा आहे. इथून तिथे जाताना जे होतं, तेच तिथून इथे येताना होतं. जमेची बाजू आणि नावेची बाजू जुळते.

दोन जागा चांगल्या निघाल्या. एक टीव्हीच्या भिंतीशी, म्हणजे बांच्या बाजूला. दुसरी खिडकीखाली, वाडीकडच्या बाहेरच्या भिंतीला, कोपऱ्यापासून दूर. आम्ही दुसरी घेतली. कोपऱ्यात ठेवला की जमीन आणि दोन भिंती मिळून आवाज वाढवतात. दुकानात तेच छान वाटतं, घरात तेच नको होतं. जागा बदलल्यावर टेपने अंतर मोजून मशीनमध्ये भरलं, म्हणजे सगळ्या स्पीकरचा आवाज सोफ्याशी एकाच वेळी पोचतो. मागे 0 आणि 180 असं एक बटण असतं. दोन्हीकडे करून पाहायचं, बसल्या जागी जे भरीव वाटेल ते ठेवायचं. कटऑफ 80 हर्ट्झवर. डब्याखाली जाड रबराच्या पट्ट्या, म्हणजे थरथर थेट लादीत उतरत नाही.

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कारागीर म्हणाला, “भिंतीवर अंड्यांचे ट्रे लावू.” आमच्या घरात! त्याला बिचाऱ्याला कळेना, मी एवढी का दचकले. पण धर्म बाजूला ठेवला तरी उपयोग शून्य आहे. ट्रे काय, दोन इंची फोम काय, ते खोलीतला बारीक आवाजाचा खणखणाट कमी करतात. 28 फुटांची लाट त्यांना जुमानत नाही. तिला अडवते ती भिंतीची जाडी आणि वजन, आणि दारांच्या फटी बुजवणं. आमची मधली भिंत नऊ इंची आहे हे नशीब. दाराला खाली रबराची पट्टी लावली. जमिनीवर सतरंजी आणि मागे सुती गाद्या आहेत, त्याने बोलणं स्वच्छ ऐकू येतं, एवढंच.

किती मोठा?

जागा बदलून थोडा फरक पडला, उरलेला आवाजाच्या बटणाने. आणि ते बटण कुठे थांबवायचं हे बांनी ठरवलं. घरातले सगळ्यात तल्लख कान त्यांचेच. त्या आपल्या खाटेवर बसल्या, नातू दारात उभा राहिला, मुलगा आत बटण फिरवत होता. बांचा एक हात भिंतीवर होता. “अजून आहे… अजून आहे… आता नाही.” तिथे बटणावर नेलपॉलिशचा ठिपका लावला. तो लाल ठिपका म्हणजे आमच्या घरातली हद्द.

मुलाने मोबाईलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप काढलं होतं. त्यावर फार विसंबू नका. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि खासगी घरातल्या यंत्राचा आवाजही हद्दीवर त्याहून 5 डेसिबलपेक्षा जास्त जाता कामा नये. पण हे मोजमाप ‘ए’ पट्टीवर होतं. ती पट्टी माणसाच्या कानासारखी, म्हणून खालच्या आवाजाला फार कमी धरते. 40 हर्ट्झला जवळजवळ 35 डेसिबल कमी. आकडा कायद्यात बसेल आणि शेजारणीच्या खिडकीची काच तरीही वाजत राहील. कायदा पाळून झाल्यावरही शेजारधर्म उरतोच.

ह्यांच्या कानांचंही सांगते, कारण आपल्या वयाच्या घरोघरी हे आहे. वय वाढलं की आधी बारीक आवाज जातात. स, श, फ ही अक्षरं पुसट होतात. मग माणूस म्हणतो, बोलणं कळत नाही, आवाज वाढवा. सगळा आवाज वाढवला की घुमारीही वाढते, आणि जड घुमारी बोलण्याला आणखी झाकते. उपाय उलटा आहे. सबवूफर कमी करा, मधला स्पीकर दोन-तीन डेसिबलने वाढवा. मशीनमध्ये ‘नाइट मोड’ असतो, त्यात स्फोट लहान होतात आणि कुजबूज मोठी. आमच्याकडे तो आता दिवसाही चालू असतो. हे आता “काय म्हणाला?” असं विचारत नाहीत, आणि बांना झोप लागते.

आमचे नियम थोडे आहेत. बांच्या सामायिकाच्या आणि प्रतिक्रमणाच्या वेळी डबा बंद. रात्री 10 नंतर बंद, आणि बंद म्हणजे भिंतीवरच्या बटणाने, कारण नुसता रिमोट दाबला तर तो आत जागाच राहतो आणि वीज खातो. पर्युषणाचे आठही दिवस पूर्ण बंद. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी हळू चालवायचा.

उपाश्रयात आपण महाराजसाहेबांचं, साध्वीजींचं व्याख्यान माइकशिवाय ऐकतो. शेवटच्या रांगेतल्या बाईलाही ऐकू जातं, कारण पुढच्या सगळ्या गप्प बसलेल्या असतात. ऐकू येण्यासाठी आवाज वाढवण्याआधी हा मार्ग आपल्याला माहीत आहे. म्हणून तुमच्याकडे अशी खोली होत असेल, तर दुकानात जाण्याआधी घराचा नकाशा कागदावर काढा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची खाट कुठे आहे तिथे फुली मारा. डब्याची जागा त्या फुलीपासून मोजायला सुरुवात करा.

जय जिनेंद्र.