बायकांच्या त्या गटात तू जाच

प्रिय सखे,

तुझं पत्र मिळालं. कॅलगरीत अजून बर्फ आहे, मुलगा-सून सकाळीच कामावर जातात आणि संध्याकाळपर्यंत तू घरात एकटी, हे वाचून जीव हळहळला. पण त्याहून जास्त खटकलं ते शेवटचं वाक्य. तिथल्या मराठी बायकांच्या गटाचं बोलावणं आलंय आणि तू लिहितेस, ‘हळदीकुंकू, उखाणे, साड्या. मी तिथे जाऊन करू काय?’

अगं, आपण दोघी लालबागच्या चाळीत वाढलो. बायका एकत्र आल्या की काय होतं, ते तू आणि मी लहानपणीच पाहिलंय. तळमजल्यावरच्या मावशी आठवतात ना? कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार, बायकामुलं गावाला, आणि त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची जबाबदारी मावशींसारख्या खाणावळवाल्यांवर. पहाटेपासून स्टोव्ह पेटलेला, पोळ्यांची चळत, पाळीप्रमाणे जेवायला येणारी माणसं. पैसे मात्र पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. कित्येकींचं मंगळसूत्र गळ्यापेक्षा गहाणातच जास्त असायचं.

1974 मध्ये गिरण्यांचा 42 दिवसांचा संप झाला. आपण तेव्हा लहान होतो, पण मोठ्यांच्या बोलण्यात तो पुढे वर्षानुवर्षं होता. कामगारांना पगार नाही, म्हणजे खाणावळीलाही पैसे नाहीत. तरी या बायकांनी ताटं वाढणं थांबवलं नाही. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात, पण तो संप पोटावर कुणी तोलला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रेमाताई पुरव यांना ते दिसलं. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, गिरणगावात कामगार चळवळीत काम करणाऱ्या बाई. त्यांनी 1975 मध्ये या खाणावळवाल्यांना एकत्र आणून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 मध्येच झालं होतं, गरिबांना कर्ज द्यायचं धोरणही होतं; पण या बायकांकडे तारण ठेवण्यासारखं काही नव्हतं. मग उपाय निघाला तो असा, की बायकांनी गट करायचा आणि एकमेकींना जामीन राहायचं.

आता याचा नीट विचार कर. शेजारणीच्या कर्जाला जामीन राहायचं तर तिचं घर आतून माहीत असावं लागतं. नवरा पितो का, जेवणाऱ्यांकडे उधारी किती तुंबलीय, पोरगं आजारी आहे का, हे सगळं विचारावं लागतं आणि आपलंही सांगावं लागतं. ज्या गोष्टी बायका भिंतीआड गिळून टाकत, त्या गटात बोलणं भागच पडलं. हप्ता चुकायची वेळ आली की बाकीच्या दारात येणार, रागवायला आणि मदतीलाही. नुसत्या जिन्यातल्या ओळखीला एवढं वजन कधीच आलं नसतं. म्हणून माझं ठाम मत आहे, की हातात काही काम असलं, जबाबदारी सामाईक असली, की मैत्री मुरते. नुसती मैत्री करायची म्हणून बसलं तर गप्पा तासाभरात संपतात.

आमच्या इमारतीतल्या बचत गटातही मी हेच पाहते. दर महिन्याची ठरलेली रक्कम, रजिस्टरवर सही, ज्या बाईला गरज तिला अंतर्गत कर्ज. सारं साधंच. पण आमच्यात एक जण होती, कोपऱ्यात बसायची, तोंडातून शब्द नाही. अक्षर सुरेख म्हणून तिला इतिवृत्त लिहायला दिलं. लिहायचं म्हणजे ‘पुन्हा सांगा’ म्हणावं लागतं, कोण काय बोललं ते विचारावं लागतं. हळूहळू ती बोलती झाली. आता बँकेत गटातर्फे तीच जाते. गेल्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा कुणी कधी न्यायचा याचा तक्ता तिला न विचारता तयार झाला होता. भांडणंही होतात गं. कर्ज आधी कुणाला, यावरून दोघी महिनाभर बोलत नव्हत्या. पण बैठकीला दोघी येत होत्या, आणि माझ्या लेखी तेच मोलाचं.

बायकांनी असं एकत्र येणं काही आजचं नाही. पंडिता रमाबाईंनी 1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला. रमाबाई रानडे तिथे जायच्या तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचत नव्हतं. तरी त्या गेल्या, आणि पुढे 1909 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने पुण्याचं सेवासदन उभं राहिलं.

हळदीकुंकवाबद्दल मात्र तुझ्याशी थोडी सहमत आहे. समारंभाला माझा विरोध नाही, संक्रांतीला नटूनथटून भेटण्यात आनंदच आहे. पण नवरा गेलेल्या बाईला ज्या हळदीकुंकवात बोलावत नाहीत, तिथे मी पाऊल ठेवत नाही. तुझे हे गेल्यावर आपल्याच नात्यातल्या बायकांनी तुला कसं टाळलं ते मी विसरले नाही, आणि तुझी नाराजी खरी तिथली आहे हेही मला कळतं. पण दिवस बदलताहेत. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक गाव असं ठरवू शकतं, तर कॅलगरीतल्या बायकांना ते जड का जावं? तू त्यांना सरळ विचार. सगळ्यांना सारखं कुंकू असेल, तर बेधडक जा. नसेल, तरी एकदा जाऊन हे बोल, कारण तुझ्यासारखीच गप्प बसलेली आणखी कुणी तिथे असेल.

आणि गेलीस की पाहुणी होऊन बसू नकोस. शाळेत बत्तीस वर्षं पगारपत्रकं सांभाळलीस, तर वर्गणीचा हिशेब मागून घे. नव्याने आलेल्या मुलींना बाळंतपणात मदत लागत असेल, त्याची यादी कर. पहिल्या दिवशी कंटाळा येईल, दुसऱ्यांदाही येईल. तरी जात राहा.

पुढच्या पत्रात सविस्तर लिही. किती जणी आहेत, भिशी लावतात का, बैठक कुणाच्या घरी असते आणि तुला न्यायला-आणायला कोण येतं? बर्फात एकटी चालत जायचं नाही, हे मात्र बजावून सांगते.

तुझीच,
लालबागची मैत्रीण