लोणारच्या ओढ्याकाठी एक नोंदवही

बालमित्रांनो, विज्ञान स्पर्धेसाठी शोधनिबंध लिहायचा म्हटलं की तुमच्यापैकी बरेच जण लगेच पुस्तकं उघडतात, नाहीतर आईबाबांच्या मोबाइलवर माहिती शोधू लागतात. माहिती मिळते, चित्रंही मिळतात. पण त्यात आपला शोध कुठे असतो? म्हणून आज मी तुम्हांला वेगळ्या वाटेने नेणार आहे. पाण्याची बाटली, टोपी, पेन्सिल आणि एक साधी वही घ्या. चला, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला!

मेहकरहून किंवा जालन्याहून एसटीने लोणारला जाता येतं. गाव आपल्या कुठल्याही गावासारखंच. पण गाव मागे टाकून थोडं चालावं, तर समोरची जमीन एकदम संपतेच! खाली वाटीसारखं गोल प्रचंड विवर, उतारावर झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. या काठापासून समोरचा काठ सुमारे १.८ किलोमीटर दूर आणि काठापासून तळ जवळजवळ १४० मीटर खोल. म्हातारी माणसं सांगतात, इथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदनाचं कोरीव मंदिर त्याच कथेचं. लवण म्हणजे मीठ, आणि खालचं पाणी खरोखरच खारं आहे बरं का!

हे विवर झालं कसं? हा प्रश्न मोठमोठ्यांनाही पडला होता. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. आपलं पठार लाव्हारसाच्या काळ्या खडकाचं, म्हणून हे ज्वालामुखीचं तोंड असावं असं पुष्कळांना वाटे. पुढे इथले खडक तपासले गेले आणि प्रचंड धक्क्याने होणाऱ्या खुणा त्यांत सापडल्या. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी मांडलं, की हे उल्केच्या आघाताने झालेलं विवर आहे. मग वयाचा प्रश्न. आधीच्या एका मोजणीत वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मोजणीत आलं सुमारे ५ लाख ७० हजार! केवढा हा फरक! पण पहिल्या मोजणीचे कागद कुणी फाडून टाकले नाहीत. कशाने मोजलं आणि काय आलं, हे लिहून ठेवलेलं होतं, म्हणून तर दुसऱ्यांना ते पुन्हा तपासता आलं.

आता आपल्या वहीकडे वळू. १९९३ मध्ये पहिली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरली. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातला एखादा प्रश्न निवडायचा, स्वतः निरीक्षणं करायची आणि आपल्या भाषेत अहवाल लिहायचा, अशी ही कल्पना. आमच्या शाळेतल्या सातवीच्या दोन मुलांनी त्यासाठी लोणार निवडलं. एक मुलगी, एक मुलगा. मी त्यांची मार्गदर्शक.

त्यांनी पहिला विषय लिहिला, 'लोणार सरोवर'. मी म्हटलं, "अरे, हे तर गावाचं नाव झालं. प्रश्न कुठे आहे?" दोन दिवस विचार केल्यावर मुलीने विचारलं, "बाई, वरच्या धारेचं पाणी गोड आणि सरोवराचं खारं. मग ते वाटेत नेमकं कुठे बदलतं?" बघा, किती छोटा प्रश्न! पण तो चालत चालत मोजता येतो.

विवराच्या उतारावर एक बारमाही झरा आहे. गावकरी त्याला 'धार' म्हणतात. भाविक तिथे स्नान करतात आणि तेच पाणी पुढे ओढ्याने खाली उतरतं. सरोवराचा परिसर अभयारण्य आहे, म्हणून आधी वनखात्याची परवानगी घेतली. तिथून दगड, माती, काहीही उचलून आणायचं नाही, हेही ठरवलं. सोबत नेले फक्त पीएच कागद. पाण्यात बुडवला की या कागदाचा रंग बदलतो, तो डबीवरच्या रंगपट्टीशी ताडायचा. ७ म्हणजे ना आम्ल, ना अल्कली. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली.

धारेपासून सरोवरापर्यंत सहा ठिकाणं ठरली. प्रत्येक ठिकाणी तीन कागद, तीन नोंदी. कागद वाळला की रंग फसवतो, म्हणून आकडा तिथल्या तिथे लिहायचा. मुलांचा अंदाज होता, की खाली जाऊ तसा आकडा हळूहळू वाढेल. पण झालं भलतंच! पहिल्या तीन ठिकाणी आकडा ७ ते ८. चौथ्या ठिकाणी, एका डबक्यात, एकदम ९. पाचव्या ठिकाणी पुन्हा ७ ते ८. आणि सहाव्या ठिकाणी, म्हणजे सरोवरात, कागद गडद जांभळा. आकडा १०!

अहवाल देण्याची तारीख जवळ आली होती. पुन्हा लोणारला जाणं शक्य नव्हतं. तक्ता काढताना मुलगी हळूच म्हणाली, "ही चौथी ओळ गाळली तर तक्ता किती छान दिसेल! कुणाला कळणार आहे?" मुलगा म्हणाला, "पण कागद तर तीनदा निळा झाला होता ना?" मी मुद्दामच मध्ये बोलले नाही. बराच वेळ दोघं गप्प होती. मग मुलीनेच वही पुढे ओढली आणि चौथी ओळ होती तशी उतरवली.

वहीत त्या डबक्यापुढे एक बारीक नोंद होती, 'जवळ साबणाचं वेष्टन पडलेलं.' मुलांनी शाळेच्या नळाच्या पाण्यात साबण घोळला आणि कागद बुडवला. तो निळा झाला, आकडा ९! दोघं उड्या मारायला लागली. पण अहवालात त्यांनी काय लिहिलं ते वाचा: 'साबण हे कारण असू शकतं. पण ते आम्ही सिद्ध केलेलं नाही.' मला विचाराल तर सगळ्या अहवालातली ही सर्वांत मोलाची वाक्यं.

त्यांचा निष्कर्ष असा निघाला, की ओढ्याचं पाणी वाटेत हळूहळू बदलत नाही. ते सरोवरापर्यंत गोडच राहतं. मग सरोवर खारं का? कारण त्यात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. हे वर्षानुवर्षं चालू आहे.

जिल्ह्याच्या फेरीत परीक्षकांनी नेमकं चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. मुलांनी घडलं ते सगळं सांगितलं, न अडखळता. पाठ केलेलं नव्हतंच, मग विसरणार काय? त्यांचा प्रकल्प राज्य पातळीवर गेला नाही. घरी येताना दोघं थोडी हिरमुसली होती. पण बसमध्येच पुढच्या वर्षीचा प्रश्न ठरला: डबक्यातला तो साबण किती दिवस टिकत असेल?

तर मित्रांनो, तुमचा शोधनिबंध लिहाल तेव्हा एवढं करा. प्रश्न एका वाक्यात लिहा. आपला अंदाज मोजण्याआधी लिहा. कुठे, कधी, कशाने मोजलं, ते लिहा. प्रत्येक मोजणी किमान तीनदा करा. निष्कर्षात जेवढं दिसलं तेवढंच सांगा आणि 'कदाचित' असेल तिथे 'कदाचित' लिहायला लाजू नका. आणि पालकहो, अहवाल मुलांनाच लिहू द्या. अक्षर वाकडं असलं तरी चालेल.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी चक्क गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं सांगितलं. पण कुणीतरी काठावर जाऊन पाहिलं, म्हणूनच ते कळलं ना? तुमच्या गावात विवर नसेल. विहीर असेल, ओढा असेल, शाळेचा हापसा तर असेलच. तिथलं पाणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर सारखंच असतं का? वही काढा, आजची तारीख घाला आणि पहिली नोंद करा.