नोंदवहीतली आई

वंशावळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी पुरुषांची परंपरा उभी राहते. पणजीचे माहेरचे नाव काय, असे विचारताच मात्र घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. स्नानसंस्काराच्या दाखल्यासाठी येणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हा अनुभव आम्हांला वारंवार येतो. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील एका स्त्रीचा संसार केवळ नोंदींतून कितपत उमगतो, हे पाहण्याचे आम्ही ठरविले. बाळ येशूच्या संत तेरेजेची आई झेली ग्वेरँ हिच्या चरित्रांतील तारखा आम्ही एका कागदावर क्रमाने मांडल्या.

फ्रान्समध्ये १५३९ च्या राजाज्ञेने स्नानसंस्काराच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाच्या नोंदवहीचा नियम केला. १७९२ पासून तेथे नगरपालिकेच्या नोंदीही आल्या. शिवाय तेथील सरकारी दप्तरात विवाहित स्त्री माहेरच्याच नावाने ओळखली जाते. त्यामुळे तिचा धागा लग्नापाशी तुटत नाही.

झेलीचा जन्म २३ डिसेंबर १८३१ चा. १२ जुलै १८५८ च्या रात्री आलाँसाँ नगरात लुई मार्टिन यांच्याशी तिचा नागरी विवाह झाला आणि मध्यरात्री चर्चमध्ये विवाहसंस्कार. पहिली कन्या २२ फेब्रुवारी १८६० ची. मधल्या एकोणीस महिन्यांपाशी शोधकाचे बोट थबकते. पहिले दहा महिने हे दांपत्य परस्परसंमतीने भावाबहिणीप्रमाणे राहिले आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंच्या सल्ल्याने त्यांनी तो निश्चय बदलला, हे कोणत्याही नोंदवहीत नाही.

पुढे १८७३ पर्यंत नऊ जन्म. त्यांत ‘जोसेफ’ हे नाव दोनदा येते. एकच मूल चुकून दोनदा लिहिले की काय, असे वाटावे. परंतु मृत्यूची नोंद शेजारी ठेवली की उलगडा होतो. पहिला जोसेफ फेब्रुवारी १८६७ मध्ये पाच महिन्यांचाही न होता गेला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरा जन्मला व ऑगस्ट १८६८ मध्ये तोही गेला. मुलगा मिशनरी व्हावा ही आईबापांची आस त्या एका नावात होती. फेब्रुवारी १८७० मध्ये पाच वर्षांची एलेन गेली. त्याच ऑगस्टमध्ये मेलानी तेरेजा जन्मली आणि दोन महिन्यांच्या आत दफन झाली. २ जानेवारी १८७३ रोजी जन्मलेल्या नवव्या मुलीला तिचेच नाव मिळाले. आज साऱ्या जगाला ठाऊक असलेले नाव एका चिमुकल्या थडग्यावरून उचललेले आहे!

२८ ऑगस्ट १८७७ रोजी स्तनांच्या कर्करोगाने झेलीचे निधन झाले. वय पंचेचाळीस. तिने १८५३ पासून आलाँसाँच्या प्रसिद्ध लेसचा व्यवसाय उभारला, त्याला हातभार लावण्यासाठी पतीने १८७० मध्ये आपले घड्याळांचे दुकान विकले, ही मुले जन्मलीच नसती तर बरे होते असे म्हणणाऱ्यांचे बोल तिला मुळीच पटले नाहीत, हे आपल्याला कळते ते तिच्या दोनशेहून अधिक पत्रांमुळे. घरच्यांनी ती जपली. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या पतिपत्नीला एकत्रच संतपद बहाल केले. त्यांचे अंतरंग उलगडण्यास ही पत्रेही उपयोगी पडली.

धर्मग्रामाच्या नोंदवह्या सांभाळणे हे आम्हां धर्मगुरूंचे कर्तव्य; धर्मसंहितेच्या ५३५ व्या कलमाने ते आम्हांवर सोपविले आहे. परंतु त्या वह्यांत आम्ही संस्कार लिहितो, संसार नव्हे. तो घरच्यांनीच लिहावयाचा असतो. आपल्या घरी आजी असेल, तर तिच्याजवळ वही घेऊन बसा. तिचे माहेर, तिच्या आईचे नाव, तिने शेतात, बाजारात केलेले कष्ट आणि विशेषतः जी बाळे जगली नाहीत त्यांची नावे तिला विचारा. ती तिला अजून पाठ असतात. तिच्यामागे ती सांगणारे कोणी उरणार नाही.