गृहपाठातला प्रयोग

परिचितांची मुले व्याकरणाची वही घेऊन आमच्याकडे येतात. प्रश्न बहुधा एका ओळीचा असतो : 'प्रयोग ओळखा.' उत्तर एका शब्दाचे. ते सांगून मुलाला मोकळे करावे असा मोह होतो. परंतु अशा मदतीने गृहपाठ पुरा होतो, मुलाच्या पदरी काही पडत नाही, असे आमचे मत आहे.

मुलांना एक सूत्र पाठ असते. क्रियापद सकर्मक आणि काळ भूत, म्हणजे प्रयोग कर्मणी. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने चिंच खाल्ली' येथवर ते चालते. पुढे 'ती दूध प्याली' हे वाक्य येते आणि सूत्र अडते. कर्म आहे, भूतकाळही आहे. तरी क्रियापद कर्त्याप्रमाणेच बदलते. म्हणून प्रयोग कर्तरी. 'तो छत्री विसरला', 'ती धडा शिकली' यांचेही तसेच. अशा वेळी आम्ही उत्तर सांगत नाही. आधी कर्ता बदलून पाहा, मग कर्म बदलून पाहा, एवढेच सांगतो. कोणत्या बदलाने क्रियापद बदलते, हे मुलाचा कान अचूक सांगतो.

मराठवाड्यातून आलेल्या एका मुलीने यावर विचारले, "आमच्या घरी 'तिनं दूध पिलं' म्हणतात. ते चूक का?" तिला आम्ही तीच कसोटी लावायला सांगितली. 'तिनं चहा पिला', 'तिनं कॉफी पिली' अशी वाक्ये तिने स्वतःच रचली. येथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. म्हणजे प्रयोग कर्मणी. तिच्या घरचे वाक्यही नियमानेच चालते, फक्त नियम निराळा. परीक्षेत प्रमाणभाषेतले रूप लिहावे लागेल, हेही आम्ही तिला सांगितले. पण 'प्रमाणभाषेत असे लिहीत नाहीत' आणि 'तुझी आई अशुद्ध बोलते' या दोन विधानांत मोठे अंतर आहे. वहीवरच्या नुसत्या लाल फुलीत ते पुसले जाते.

अलंकारांच्या प्रश्नांतही हाच आडमार्ग रूढ आहे. 'सारखा' दिसले की उपमा, 'जणू' दिसले की उत्प्रेक्षा. मग ओळ वाचावीच लागत नाही. कवीने दोन वस्तूंतले साम्य दाखवले आहे, की एक वस्तू जणू दुसरीच आहे अशी कल्पना केली आहे, हे विचारले तर मूल निदान कवितेकडे पाहते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे. 'ज्ञानेश्वरी' त्याच्या सुमारे साडेपाच शतके आधीची. आधी भाषा बोलली गेली, मग कोणीतरी ती लक्षपूर्वक ऐकली आणि नियम मांडले. गृहपाठाला बसलेल्या मुलाकडून याच क्रमाने थोडे ऐकण्याचे काम करवून घ्यावे. त्यात अर्धा तास अधिक जातो, आणि पुढच्या वाक्याला ते मूल आम्हांला विचारायला येत नाही.